ग्रीक चषक अंतिम सामना, २००९

ऑलिंपियाकोस आणि एईके अथेन्स या कट्टर प्रतिस्पर्धी फुटबॉल क्लबांतील थरारक लढत. २ मे २००९, ऑलिंपिक स्टेडियम, अथेन्स. कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्या निर्वासितांनी १९२४ मध्ये स्थापलेला एईके दुतोंडी गरुडाचे बोधचिन्ह मिरवतो; लाल-पांढरा ऑलिंपियाकोस पिरियस बंदराचा. विजय एईकेच्या हाताशी आला असताना भरपाई वेळेत ऑलिंपियाकोसच्या डर्बीशायरने ३-३ अशी बरोबरी साधली. जादा वेळेअखेर ४-४. मग पेनल्टी शूटआउट, आणि ते संपता संपेना! ३४ फटक्यांनंतर ऑलिंपियाकोस १५-१४ असा जिंकला. २००४ च्या युरो विजेत्या ग्रीक संघाचा आणि आता ऑलिंपियाकोसचा गोलरक्षक असलेल्या निकोपोलिदिसने शूटआउटमध्ये फटका अडवलाच, शिवाय स्वतः गोलही केला. त्या हंगामातील ग्रीक लीगही ऑलिंपियाकोसनेच जिंकली होती. चषक स्पर्धेच्या इतिहासातील हा बहुधा सर्वांत रोमहर्षक अंतिम सामना.