सातारा व सांगली जिल्ह्यांतील मुक्कामी एसटी आणि तिचा चालक : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
पश्चिम महाराष्ट्रातील ग्रामीण परिवर्तनाच्या इतिहासात सहकार, शिक्षणसंस्था व सिंचन यांची सविस्तर दखल घेतली जाते. खेडोपाडी एसटी नेणाऱ्या चालकाच्या श्रमांची नोंद मात्र क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात मुक्कामी गाडीच्या चालकाचे स्थान तपासले आहे.

पार्श्वभूमी :
१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्याच वर्षी औंध, फलटण, सांगली, मिरज, जत इत्यादी संस्थाने विलीन झाली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्यांची नवी घडण आणि एसटीचा विस्तार या प्रक्रिया अशा प्रकारे समकालीन होत्या. १९७४ मध्ये राज्यातील प्रवासी वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले. त्यामुळे फायद्याच्या मार्गांवरील उत्पन्नातून तोट्यातील खेड्यांच्या फेऱ्या चालविणे शक्य झाले. 'गाव तेथे एसटी' या घोषणेमागील अर्थकारण हेच होय.

मुक्कामी गाडीचे कार्य :
पाटण, जावळी, शिराळा हा डोंगराळ व अतिपावसाचा भाग. तर माण, आटपाडी, जत हा दुष्काळी पट्टा. दोन्हीकडे रात्री शेवटची फेरी घेऊन येणारा चालक गाडीत वा देवळात झोपे व पहाटे तीच गाडी तालुक्याकडे काढी. या गाडीच्या वेळेवर गावाचे घड्याळ चाले. रुग्ण, कोर्टाच्या तारखेला निघालेला शेतकरी आणि कॉलेजचे विद्यार्थी यांचा ती आधार होती. शहरात शिकणाऱ्या मुलाचा भाकरीचा डबाही चालकाजवळ विश्वासाने दिला जाई. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी शिक्षण ग्रामीण भागात नेले; तथापि वाडीतील मुलगी रोज माध्यमिक शाळेपर्यंत पोहोचली, त्यात एसटीच्या पासाचा व सकाळच्या फेरीचा वाटा मोठा आहे.

नोंदींची मर्यादा :
आगारातील कागदपत्रांत किलोमीटर, डिझेल व उत्पन्न यांचा हिशेब सापडतो. ओढ्याला पूर आला असता गाडी अलीकडे थांबविण्याचा निर्णय, किंवा धावत येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी क्षणभर थांबणे, यांना त्यात रकाना नाही. ऑक्टोबर २०२१ अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेल्या संपाने या सेवेचे मोल उणिवेतून दाखविले. १७ मार्च २०२३ पासून महिलांना प्रवासभाड्यात ५० टक्के सवलत मिळाली. परंतु गाडीच न येणाऱ्या गावाला सवलतीचा लाभ नाही.

निष्कर्ष :
केवळ उत्पन्नाच्या निकषावर खेड्याची फेरी मोजणे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरते. राष्ट्रीयीकरणाच्या काळात सेवेत आलेले चालक आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या मौखिक साक्षी स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी वेळीच संकलित केल्या नाहीत, तर या श्रमांचा एकमेव पुरावा कायमचा नष्ट होईल.