जुन्नर-आंबेगावचे माळ आणि उंदरांचे साल

नाणेघाट किंवा भीमाशंकर येथून पूर्वेस उतरू लागले म्हणजे जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांत पाऊस ज्या झपाट्याने ओसरतो, त्याच झपाट्याने लहान सस्तन प्राण्यांची वस्तीही पालटते: भीमाशंकरी वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या दाट रानात शेकरू झाडावरून झाडावर झेपावते आणि जमिनीला क्वचितच पाय लावते, आणि मंचर-नारायणगावकडे, जेथे तो पाऊस जेमतेम पाचव्या हिश्श्यावर येतो, तेथील बोरी-बाभळींच्या गवताळ माळावर ससा, मुंगूस, खोकड आणि बिळांत राहणारे नाना जातींचे उंदीर यांचा अंमल सुरू होतो.

हे माळ म्हणजे तोडलेल्या अरण्याचे अवशेष होत, असा जो समज रूढ आहे तो मला मान्य नाही. नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेखात राणी नागनिकेने यज्ञप्रसंगी दिलेल्या हजारो गाईंची गणती आहे; एवढे गोधन विस्तीर्ण गवताशिवाय पोसले गेले असेल असे वाटत नाही. जुन्नरजवळ कुरण नावाचे गाव आजही नांदते आहे.

गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी १८२४ साली दख्खनची माहिती संकलित करण्यास नेमलेले लष्करी अधिकारी विल्यम साइक्स, ज्यांनी जुन्नरच्या लेण्यांतील लेखांच्या नकलाही उतरविल्या, त्यांनी १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्रज्ञांपुढे दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली आणि शेकरूला आपल्या गव्हर्नरसाहेबांचेच नाव बहाल केले. उंदराला कोणाचे नाव देणे हा मात्र बहुमान ठरला नसता! सरकारदरबारी तर माळाची नोंद पडीक वा खराबा अशीच होत राहिली, आणि ज्या जमिनीपासून सारा येत नाही तिच्यातील जीवांची दखल घेण्याचे मामलेदारास कारण नव्हते.

दखल घेणे भाग पडले ते १८७८-७९ साली. १८७६-७७ च्या दुष्काळातून रयत नुकती सावरत असताना दख्खनच्या शेतांवर उंदरांच्या झुंडी उतरल्या, उभी ज्वारी फस्त झाली, आणि अखेर उंदीर मारण्यासाठी सरकारने इनाम जाहीर केले. त्या झुंडींत मुख्य भरणा होता तो काळ्या जमिनीच्या भेगांत राहणाऱ्या मऊ केसांच्या उंदराचा आणि शेपटीच्या टोकाला झुबका असलेल्या, माळावर बिळे पोखरणाऱ्या उंदराचा. ज्या वर्षी पाऊस दमदार होतो त्या वर्षी बिळे पाण्याने भरून त्यांची संख्या आपोआप आटोक्यात राहते. अवर्षणात हा लगाम सुटतो.

पुढे कुकडी प्रकल्पाची धरणे व कालवे झाले, माळाच्या जागी ऊस उभा राहिला. ओलसर बांधांत घुशींनी घर केले, उसात बिबट्याने ठाण मांडले. कोरड्या भूमीचे खोकड मात्र मागे हटले. शेकरूसाठी १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले, माळावरच्या जीवांच्या वाट्याला तसे काही आले नाही. या दोन तालुक्यांच्या दप्तरांत गायरान म्हणून जे तुकडे अद्याप शिल्लक आहेत, त्यांवर वनीकरणाच्या उत्साहात गिरिपुष्पाची रोपे लावण्यापूर्वी तेथे कोण राहते याची ग्रामपंचायतींनी एकवार खानेसुमारी करावी.