परळचे दोन शेजारी आणि धुळ्याची काळी

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस कुत्र्यांच्या फिजिओथेरपीच्या प्रशिक्षणावर काय बोलणार, ही शंका रास्त आहे. म्हणून आधी निमित्त सांगतो.

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. रात्रीबेरात्री कुत्री गाडीखाली सापडतात. आमच्या शेजारची काळी अशीच सापडली, जेमतेम सहा महिन्यांची. मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी सळई घालून ते जुळवलं, एक्स-रे छान आला. पण काळी तीन पायांवरच. वहिनींनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, आता पुढं काय?" उत्तर आलं, "चालेल हळूहळू." आम्ही त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांना जे शिकवलं गेलं, त्याला इतिहास आहे आणि आज तोच बघायचा आहे.

आपल्याकडे पशुवैद्यकाचं आधुनिक शिक्षण सुरू झालं ते घोड्यासाठी. १८६२ साली पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, ती पलटणीच्या घोड्यांकरता. मुंबईची गोष्ट थोडी निराळी. तिथे १८७४ मध्ये प्राण्यांवरच्या क्रौर्याला आळा घालणारी संस्था स्थापन झाली, दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून परळला बाई साकरबाईंच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं आणि त्याच आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. म्हणजे मुळाशी दया होती. पण अभ्यासक्रम दयेवर चालत नाही, गरजेवर चालतो. बुळकांडीनं गोठेच्या गोठे रिकामे होत होते. तो रोग देशातून गेल्याची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळायला २००६ साल उजाडलं. शंभर वर्षं ज्यांनी ही लढाई केली, त्यांना कुत्र्याचा गुडघा का दिसला नाही, असं विचारणं बरोबर नाही.

आणि खानदेशात तरी काय होतं? पाय म्हणजे बैलाचा पाय. ऐन पेरणीत बैल लंगडला तर घर बसलं. मग त्याला डागायचं. तापलेल्या लोखंडाचा चटका द्यायचा. हसू नका, विलायती पशुवैद्यही घोड्यांना हेच करत. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांचा कुत्रा लांडग्यापासून कळप राखतो, पण त्याच्या पायाचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. आमच्या अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे. तिथे अद्वैतावर उत्तम काम झालं. सर्वांभूती एकच चैतन्य, हे आम्हीही वर्गात घसा कोरडा करून सांगितलं. लंगड्या कुत्र्याकडे मात्र आम्हीही पाहिलं नाही.

आता परत परळला चला. पशुवैद्यकीय महाविद्यालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर केईएम रुग्णालय आहे. तिथे १९५० मध्ये कमलाबाई निंबकरांनी व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. पाठोपाठ फिजिओथेरपीची शाळा आली. पोलिओनं लुळ्या पडलेल्या पोरांचे स्नायू व्यायामानं जागे करायचे, ही विद्या एका बाजूला. तुटलेलं हाड जुळवायची पशुवैद्याची विद्या दुसऱ्या बाजूला. शेजारी शेजारी नांदल्या, पण एकमेकींच्या घरी गेल्या नाहीत.

हा उंबरा ओलांडला गेला तो इंग्लंडात, आणि तोही योगायोगानं. चार्ल्स स्ट्राँग नावाचे फिजिओथेरपिस्ट लॉर्ड माउंटबॅटन यांच्यावर उपचार करत होते. गुण आला, तेव्हा माउंटबॅटननी त्यांना आपली पोलोची घोडी दाखवली. म्हणजे पुन्हा घोडाच! कुत्र्याची पाळी फार उशिरा आली. १९८५ मध्ये तिकडे प्राण्यांवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांची संघटना झाली. अमेरिकेत १९९९ मध्ये ऑरेगन राज्यात या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, टेनेसी विद्यापीठानं प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवला, मिलिस आणि लेव्हाइन यांचं पाठ्यपुस्तक २००४ मध्ये आलं आणि २०१० मध्ये ही पशुवैद्यकाची स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्य झाली. त्या जोडीतले मिलिस पशुशल्यचिकित्सक, लेव्हाइन फिजिओथेरपिस्ट. परळला जे जमलं नाही, ते इथे एका मुखपृष्ठावर जमलं.

शिकवतात काय? कुत्रा उभा असताना सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. त्यामुळे मागचा पाय उचलून धरणं त्याला सोपं जातं आणि सवय लागते. म्हणून टेपनं मांडीचा घेर मोजायचा, सांधा किती अंशांत वाकतो ते कोनमापकानं बघायचं. पाण्यातल्या ट्रेडमिलवर पाणी घोट्यापर्यंत असेल तर पायांवर ९१ टक्के वजन येतं, गुडघ्यापर्यंत ८५ आणि कमरेच्या सांध्यापर्यंत भरलं तर अवघं ३८. हे आकडे ठाऊक नसतील तर ते यंत्र म्हणजे नुसता हौद.

देकार्त प्राण्याला यंत्र म्हणाला होता. यंत्राचा भाग बदलला की काम संपतं. काळीचं तसं नव्हतं. हाड डॉक्टरांनी जोडलं, पण चालायला तिलाच पुन्हा शिकावं लागणार होतं. आणि जिला सूचना देता येत नाही, दुखतंय का ते विचारता येत नाही, तिला शिकवायचं कसं, हेच या प्रशिक्षणाचं मर्म आहे.

आपल्याकडे अडचण कायद्याचीही आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार प्राण्यावर उपचार करायचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्याचा. जळगावात माणसांची फिजिओथेरपी शिकलेल्या मुलामुलींना तो नाही. पशुवैद्याच्या अभ्यासक्रमात हा विषय शल्यचिकित्सेच्या पोटात छोटासा. मधल्या पोकळीत आठवड्याभराची ऑनलाइन प्रमाणपत्रं विकली जातात. आमचं मत विचाराल तर शरीररचना न शिकता हात लावणारा माणूस न लावणाऱ्यापेक्षा वाईट. कायद्याची ही अट काढू नये. त्या अटीच्या आत दोघांना एका टेबलाशी बसवावं.

काळीच्या बाबतीत घाई होती. लहान वयात मांडीचं हाड मोडलं आणि पाय हलला नाही, तर मांडीचा पुढचा स्नायू आखडतो, गुडघा ताठ होतो आणि मग तो सहसा परत येत नाही. वहिनींची भाची फिजिओथेरपिस्ट. तिनं डॉक्टरांना फोन केला, दोघं अर्धा तास बोलले. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिवसातून तीनदा गुडघा हलकेच वाकवणं, बस-ऊठ करवणं आणि दोरी आखूड धरून अगदी सावकाश चालवणं सुरू झालं. सावकाशच, कारण वेगात कुत्रा तीन पायांवर पळून वेळ मारून नेतो. पाचव्या आठवड्यात काळीनं चौथा पाय टेकवला. मांजर दिसलं की अजून उचलते.