पिवळ्या खाचेचा बांबू

पिवळ्या खाचेचा बांबू (शास्त्रीय नाव : फायलोस्टॅकिस ऑरिओसल्काटा, कुल : पोएसी) ही कडाक्याच्या थंडीत टिकणारी आणि झपाट्याने पसरणारी जाती मूळची चीनमधील झेजियांग प्रांताची आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी आशियात वनस्पती गोळा करणारे फ्रँक मेयर यांच्यामार्फत ती १९०७ मध्ये अमेरिकेत पोहोचली. सदाहरित आडोसा म्हणून तेथील बागांत ती लोकप्रिय झाली.

खोड हिरवे असून फांदीच्या वर कांड्यावर पडणारी खाच पिवळी असते. प्रत्येक पेराला दोन फांद्या फुटतात. काही खोडे बुंध्याजवळ नागमोडी वाकलेली असतात. या जातीची ती ठळक खूण होय. अनुकूल जागी उंची ८ मी.पर्यंत जाते, थंड प्रदेशात बरीच कमी राहते.

ही जाती सुमारे उणे २३° से. तापमान सोसते. त्याखाली पाने करपतात, खोडेही मरतात. पण जमिनीतील कंद जिवंत राहून वसंतात पुन्हा फुटतो. हिवाळ्यातील खरे नुकसान पुष्कळदा कोरड्या वाऱ्याने होते, कारण गोठलेल्या मातीतून मुळांना पाणी मिळत नाही. म्हणून जमीन गोठण्यापूर्वी भरपूर पाणी देऊन पालापाचोळ्याचे जाड आच्छादन करतात. निचऱ्याची, सेंद्रिय पदार्थांनी युक्त जमीन आणि भरपूर ऊन मानवते. पाणी साचलेले चालत नाही. लागवड कंदाच्या तुकड्यांपासून, कोंब फुटण्यापूर्वी करतात. कंदाविना नुसते खोड पुरल्यास ते रुजत नाही. कोंब वसंतात येतात व काही आठवड्यांतच पूर्ण उंची गाठतात. त्यानंतर खोड उंचीने वा जाडीने वाढत नाही. कोवळे कोंब खाद्य आहेत.

महाराष्ट्रातील मानवेल किंवा कळक बेट करून वाढतो. या जातीचे कंद मात्र आडवे धावतात आणि पहिली दोन-तीन वर्षे संथ वाटणारी लागवड पुढे दरवर्षी कित्येक फूट सरकते. कंद बहुधा वरच्या ३० सेंमी. मातीत असल्याने लागवडीपूर्वीच सुमारे ७५ सेंमी. खोल, जाड प्लॅस्टिकची अखंड भिंत पुरावी लागते. तिचा काठ जमिनीच्या थोडा वर ठेवतात, म्हणजे ओलांडू पाहणारा कंद दिसतो. भिंत नको असल्यास भोवती चर ठेवून दर शरद ऋतूत त्यात आलेले कंद तोडावेत. यात एखादे वर्ष चुकवले तरी बांबू शेजाऱ्याच्या अंगणात जातो. कनेटिकट राज्याने २०१३ मध्ये अशा घुसखोरीची जबाबदारी लावणाऱ्यावर टाकणारा कायदा केला. न्यूयॉर्क राज्यात या जातीच्या विक्रीवरच बंदी आहे.

पसरलेले बन काढायचे तर सर्व खोडे कापून नवे कोंब येतील तसे छाटत राहावे लागते. कंदातील अन्नसाठा संपेपर्यंत, म्हणजे बहुधा काही वर्षे, हे काम चालते; शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेले कंद जिवंत राहिल्यास ते निष्फळ ठरते.