कावेरीच्या पाण्यातील पाहुणे

बेंगळूरच्या पूर्व अंगाला मारतहळ्ळी नावाचे एक खेडे होते. आज ते शहरात पुरते विरून गेले आहे आणि संगणक-उद्योगाच्या निमित्ताने आलेली कितीतरी मराठी कुटुंबे तेथे नांदत आहेत. जवळच बेळ्ळंदूर आणि वर्तूर हे दोन विस्तीर्ण तलाव. पण सांडपाण्याने ते इतके नासले की बेळ्ळंदूरवर फेसाचे ढीग उठले आणि २०१५ नंतर तर पाण्याच्या पृष्ठावर आगीही भडकल्या. तेथे गळ टाकून बसण्याची गोष्टच नको. बेंगळूर आपली तहान भागविते ती सुमारे शंभर किलोमीटरांवरून चढवून आणलेल्या कावेरीच्या पाण्यावर. या कावेरीच्या खोऱ्यात माणसाने दोनदा दूरचे मासे आणून सोडले. प्रथम इंग्रजांनी ट्राउट आणला. पुढे मराठी मुलखातून महसीर गेला. पहिल्या पाहुण्याचे कौतुक फार झाले, दुसऱ्याचा परिणाम मात्र बराच काळ कोणाच्या ध्यानात आला नाही.

ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. पाण्याची उष्णता वीस अंशांच्या वर फार काळ राहिली की तो तग धरीत नाही. सह्याद्रीचे ओढे श्रावणात दुथडी भरून वाहतात आणि वैशाखात खडकांची माळ होऊन पडतात. तेथे त्याचा निभाव लागणे अशक्यच. निलगिरीच्या माथ्यावर मात्र दोन हजार मीटरांच्या उंचीवर बारमाही गार ओहोळ आहेत. उटकमंडला राहणाऱ्या साहेबाला हे पाणी पाहून मायदेशातील नद्या आठवल्या नसत्या तरच नवल. बारीक दोरीच्या टोकाला पिसांची बनावट माशी बांधून ती अलगद पाण्यावर टेकवायची आणि चोखंदळ माशाला फसवायचे, हा त्याचा लाडका छंद होता. त्यासाठी १८६३ साली डॉ. फ्रान्सिस डे यांनी ट्राउट आणण्याचा पहिला प्रयत्न केला. सुवेझचा कालवा तेव्हा खुला झालेला नव्हता. वाटेत पाणी तापले की अंडी मेलीच! तो प्रयत्न फसला, आणि पुढेही कित्येक वर्षे पदरी निराशाच आली. १८९९ साली काश्मीरला पाठविलेली खेपही वाटेतच नष्ट झाली. तेथे यश आले ते पुढच्या वर्षी. निलगिरीवर अॅव्हलांच येथे विल्सन यांनी १९०७ च्या सुमारास उबवणकेंद्र उभारले आणि इंद्रधनुषी जातीचा ट्राउट अखेर त्या ओढ्यांत रुजला. हे ओढे भवानी नदीवाटे कावेरीलाच मिळतात. पण खालचे ऊन पाणी ट्राउटला मानवत नाही, त्यामुळे तो डोंगरमाथ्यावरच राहिला.

आणि गंमत अशी की, ज्या खेळासाठी हा सारा खटाटोप चालला होता, त्या खेळाचा बलाढ्य गडी डोंगराच्या पायथ्याशीच होता. दक्षिण कानडा जिल्ह्याचे कलेक्टर हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात झुंजीच्या बाबतीत महसीरला सामन माशाच्याही वर बसविले. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगन यांनी कबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर धरला. दीड मण वजनाचा हा मासा! पाठीवर उंच मदार असलेला हा महसीर केवळ कावेरीच्या खोऱ्यातला.

दख्खनचा महसीर निराळा. कर्नल सायक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत सापडलेल्या माशाचे वर्णन केले, तेव्हा 'खुद्री' हे इकडचे नावच त्यांनी शास्त्रीय नावात घेतले. महाडजवळच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे मासे म्हणून त्यांना आजही कोणी हात लावीत नाही. अन्यत्र मात्र धरणांनी त्यांची वाट अडविली आणि सुरुंगाच्या दारूने डोहच्या डोह रिकामे केले. खुद्री नामशेष होईल अशा चिंतेने डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्याला, टाटांच्या वीजकेंद्रासाठी बांधलेल्या वळवण तलावाकाठी, तिच्या अंडी घालण्याचा अभ्यास केला. मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, त्यांवर नराचे रेत मिसळायचे आणि वाहत्या पाण्यात ती उबवायची, ही रीत तेथे बसविली गेली. काम मोलाचे होते. लक्षावधी पिले निपजली आणि मागणीप्रमाणे परप्रांतांतही गेली. त्यांतली काही कावेरीत सोडण्यात आली. महसीर तो महसीर, असाच तेव्हा समज होता.

याचे फलित कळले ते गळवाल्यांच्याच वह्यांतून. कावेरीकाठच्या गालिबोरे येथील तळावर धरलेला मासा मोजून परत सोडीत आणि त्याची नोंद ठेवीत. १९९८ ते २०१२ या काळातील सहा हजारांहून अधिक माशांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. खुद्रीची संख्या सारखी वाढत गेलेली. मदारवाला विरळ होत गेलेला, आणि जे थोडे हाती लागत ते मोठे व वयस्क. म्हणजे घरात म्हातारी माणसे, पण पाळणा हलत नाही! वाळूचा उपसा, धरणे, सुरुंग यांचाही दोष आहेच. तथापि पाहुण्याने यजमानाची जागा घेतली, ही शंका बळावली. २०१२ साली अभयारण्यात गळ टाकण्यास मनाई झाली आणि त्याबरोबर त्या वह्याही थांबल्या.

इतकी वर्षे ज्याची छायाचित्रे शिकारी मिरवीत आले, त्या माशाला शास्त्रात स्वतःचे नावही निश्चित नव्हते. केरळातून कावेरीकडे वाहणाऱ्या पांबार नदीतील एका महसीराचे वर्णन २००७ साली झाले होते आणि मत्स्यशास्त्रज्ञ रेमा देवी यांचे नाव त्याला देण्यात आले होते. कावेरीचा मदारवाला तोच, हे २०१८ साली निलगिरीच्या पायथ्याशी वाहणाऱ्या मोयार नदीतील नमुन्यांवरून सिद्ध झाले. त्याच वर्षी नष्ट होण्याच्या टोकाला पोचलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याची नोंद झाली.