मांजराचा चेहरा आणि माणसाची आवड

चपटं नाक, गोल टपोरे डोळे, गुबगुबीत गाल आणि मखमलीसारखे आखूड केस. दुकानात असं मांजर दाखवताना ‘पर्शियनच आहे, पण केसांची कटकट नाही’ असं हमखास सांगितलं जातं. या जातीचं नाव एक्झॉटिक शॉर्टहेअर. दुकानदाराचं बोलणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं इतिहासात शोधावं लागतं.

1620 साली पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमन प्रवासी शाह अब्बासच्या इस्फहानमध्ये होता. खुरासानच्या लांब, रेशमी केसांच्या मांजरांनी त्याला भुरळ घातली. त्याने पत्रात त्यांचं वर्णन केलं आणि ती इटलीला नेण्याचा मनसुबाही लिहून ठेवला. हाच प्रवासी पुढे 1623मध्ये सुरतेहून गोव्याला आला. त्याने वाखाणली ती मांजरांची फर आणि शेपटी. चपटा चेहरा त्या काळी नव्हताच.

1871 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. तिथून जातिवंत मांजरांचा शौक संघटित झाला. त्या काळच्या चित्रांत आणि छायाचित्रांत पर्शियन मांजराला चांगलं उठावदार नाक दिसतं. पुढे प्रदर्शनांत गोल चेहऱ्याला बक्षिसं मिळत गेली आणि नाक पिढ्यान्‌पिढ्या आत जात राहिलं. आजच्या पर्शियन मांजरांचे जनुक तपासले, तेव्हा त्यांची जवळीक पश्चिम युरोपातल्या मांजरांशी निघाली. नाव इराणचं राहिलं, घडण मात्र पश्चिमेच्या हातून झाली.

एक्झॉटिक ही जात त्यापुढची पायरी. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या काही पैदासकारांनी चंदेरी रंग आणि हिरव्या डोळ्यांसाठी अमेरिकन शॉर्टहेअर मांजरांचा पर्शियनशी संकर केला. पिल्लं देखणी निघाली, पण मूळ जातीचा साचा बिघडू लागला. तेव्हा जेन मार्टिंके या परीक्षक महिलेने सुचवलं, की यांना वेगळी जात म्हणूनच मान्यता द्यावी. 1966-67च्या सुमारास ती मिळाली. आखूड केसांचं जनुक प्रभावी असतं, पण लांब केसांचं जनुक आत दडून राहतं. म्हणून आखूड केसांच्या जोडप्यालाही कधी कधी लांब केसांचं पिल्लू होतं.

स्वभावाने हे मांजर शांत, कमी बोलणारं आणि मायाळू. पर्शियनपेक्षा जरा खेळकर. माणूस ज्या खोलीत जाईल तिथे मागोमाग जाणारं. लहान घरात सहज रुळतं. आठवड्यातून एक-दोनदा फणी फिरवली तरी केसांचं भागतं.

चेहऱ्याचं मात्र भागत नाही. नाक दबल्यामुळे अश्रूंची नळी वाकते, डोळे सतत पाझरतात आणि खाली डाग पडतात. ते रोज ओल्या मऊ कापडाने पुसावे लागतात. दात दाटीवाटीने येतात, म्हणून खाणं पसरट ताटलीत द्यावं. श्वास अपुरा पडतो, त्यामुळे ऊन सोसत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात थंड खोली नसेल, तर हे मांजर पाळू नये. भूल देतानाही धोका अधिक असतो. पर्शियनकडून मूत्रपिंडात गाठी होण्याचा आजारही वारशाने आलेला आहे. त्याची जनुकीय चाचणी करता येते. विकत घेण्याआधी आई-बापाच्या चाचणीचा कागद मागावा आणि त्यातल्या त्यात उठावदार नाकाचं पिल्लू निवडावं.

मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्या घरोघरी सांगितली जाते. सहीह मुस्लिममधली दुसरी एक हदीस मात्र क्वचितच आठवते. पैगंबरांनी जनावराच्या चेहऱ्यावर मारायला आणि तिथे डाग द्यायला मनाई केली. तो काळ तापल्या लोखंडाचा होता. आज हातात लोखंड नाही, पसंती आहे. पण तिचाही ठसा चेहऱ्यावरच उमटतो आणि पुढच्या पिढीतही उतरतो. यावर फतवा देणं माझं काम नाही. घरात आलेल्या मांजराचे डोळे रोज पुसावेत, हा त्याचा हक्कच आहे. पण पुढचं पिल्लू मागताना आपण नेमकं काय मागतो आहोत, हेही स्वतःला एकदा विचारायला हवं.