थ्रेड : समीकरणाचा तराजू आणि गिलोटिन

१/ शाळेत रासायनिक समीकरण ‘संतुलित’ करताना आपण बाणाच्या दोन्ही बाजूंचे अणू मोजतो. या शिस्तीमागे अठराव्या शतकातील एक वाद आणि पॅरिसमधील एक तराजू आहे. त्या तराजूचे धनी होते आंत्वान लाव्हाझिए.

२/ ज्वलनशील पदार्थांत ‘फ्लोजिस्टॉन’ नावाचे तत्त्व असते व जळताना ते बाहेर पडते, अशी तत्कालीन विद्वानांची धारणा होती. तसे असेल तर धातूचे भस्म होताना वजन घटावयास हवे. प्रत्यक्षात ते वाढते! काहींनी फ्लोजिस्टॉनचे वजनच उणे ठरवून वेळ मारून नेली.

३/ १ ऑगस्ट १७७४. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे तांबडे भस्म तापवले. निघालेल्या वायूत मेणबत्ती प्रखर तेजाने जळू लागली. त्याच ऑक्टोबरात पॅरिसमध्ये भोजनप्रसंगी त्यांनी हे लाव्हाझिएंच्या कानी घातले. स्वतः प्रीस्टली मात्र अखेरपर्यंत फ्लोजिस्टॉनलाच चिकटून राहिले.

४/ लाव्हाझिएंनी कोंडलेल्या हवेत ४ औंस पारा १२ दिवस तापवला. ५० घन इंच हवेपैकी ७-८ घन इंच नाहीशी झाली आणि ४५ ग्रेन भस्म मिळाले. तेच भस्म अधिक तापवताच ४१.५ ग्रेन पारा आणि ७-८ घन इंच वायू परत आला. हवेतून जे गेले, ते भस्मातून निघाले. हाच ऑक्सिजन.

५/ १७८९च्या ग्रंथात त्यांनी द्राक्षरसाचे किण्वन असे मांडले : एकीकडे रस, दुसरीकडे कार्बनिक आम्ल व मद्यार्क, मध्ये बरोबरचे चिन्ह! क्रियेपूर्वी जेवढे द्रव्य, तेवढेच क्रियेनंतर. ग्रंथातील उपकरणांची चित्रे पत्नी मारी-आन यांनी रेखाटली.

६/ अक्षरांची चिन्हे पुढे बर्झेलियस यांनी रूढ केली. आज आपण लिहितो : मर्क्युरिक ऑक्साइडचे २ घटक → पाऱ्याचे २ अणू + ऑक्सिजनचा १ रेणू. मांडणी नवी, हिशेब तोच.

७/ ही महागडी उपकरणे परवडली ती राजाच्या करवसुलीच्या मक्त्यातील उत्पन्नामुळे. क्रांतीच्या काळात तोच मक्ता जिवावर बेतला. ८ मे १७९४ रोजी इतर मक्तेदारांसह त्यांना शिक्षा सुनावून त्याच दिवशी गिलोटिनवर चढवले. वय अवघे ५०. ‘प्रजासत्ताकाला विद्वानांची गरज नाही’ असे न्यायाधीश म्हणाल्याची कथा मात्र नंतरची. तिला समकालीन आधार नाही.

८/ म्हणून समीकरण जुळेना, तर आकडे दामटून बसवू नका. काय निसटले, ते शोधा. लाव्हाझिएंना ऑक्सिजनचा अर्थ उमगला तो याच हट्टामुळे.